सगळे कोअर १०० टक्के

शुक्रवारी संध्याकाळी जॉब, म्हणजे संगणकावरचं लांबलचक गणित, लावून घरी गेले. ४८ प्रोसेस (एकाच गणिताचे एकाच वेळी चालणारे भाग), २० हजार बाय २० हजार बिंदूंचं जाळं, उष्णतेचं साधं समीकरण. जेवता जेवता टॉप (प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारी कमांड) उघडून पाहिलं, सगळे कोअर १०० टक्के. म्हटलं, झकास! सोमवारी बघते तर आउटपुटची फाइल शून्य बाइटची. वॉलटाइम (जॉबला दिलेला वेळ) संपला म्हणून जॉब मारला गेला होता.

हाच कोड १००० बाय १०००ला चार महिने बिनतक्रार चालत होता. त्यामुळे संशय आधी नेटवर्कवर, मग कंपायलरवर, मग सिस्टिम अ‍ॅडमिनवर (त्यांची मनातल्या मनात माफी मागून झाली आहे). शेवटी दोन प्रोसेसना जीडीबी (चालू प्रोग्रॅम कुठे अडकलाय ते दाखवणारा डीबगर) लावला. दोघीही एमपीआय सेंडमध्ये ठाण मांडून (एमपीआय म्हणजे प्रोसेसनी एकमेकींना डेटा पाठवायची ठरलेली पद्धत).

जाळ्याचे ४८ पट्टे केले की प्रत्येक पट्ट्याला शेजारच्याची काठावरची ओळ लागते. मी लिहिलं होतं, आधी दोन्ही शेजाऱ्यांना पाठव, मग दोघांकडून घे. ओळ ८००० बाइटची होती तोवर एमपीआय ती बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टाकून मोकळं व्हायचं. १,६०,००० बाइट झाल्यावर म्हणालं, समोरचा घ्यायला उभा राहू दे, मगच देईन. समोरचाही देण्यातच अडकलेला! आणि ते १०० टक्के? आमचं एमपीआय वाट बघताना झोपत नाही, ‘आलं का, आलं का’ करत गरगरत राहतं.

चीड याची येते की १९९४च्या पहिल्या मानकापासून हे लिहिलेलं आहे. साधं सेंड बफर वापरेल की थांबेल, याची हमी नाही. वाचलं कोणी होतं?

आमच्याकडचे एक निवृत्त सर ट्रान्सप्यूटरवर (समांतर गणितासाठी बनवलेल्या जुन्या चिपवर) शिकलेले. पुण्याच्या १९९१च्या परम ८००० महासंगणकात असायचे तेच. ते हसले. “ऑकममध्ये हे पहिल्याच रनला अडकलं असतं गं.” ऑकम ही ट्रान्सप्यूटरची भाषा. तिच्या चॅनेलला बफरच नाही, देणारा-घेणारा समोरासमोर आल्याशिवाय काही सरकत नाही. मग म्हणाले, सेंडच्या जागी एससेंड घालून बघ, तेही घेणारा आल्याशिवाय सोडत नाही. घातलं. १००० बाय १०००सुद्धा जागच्या जागी ठप्प.

आता आधी आयरिसीव्ह, मग आयसेंड (घेणं-देणं सुरू करून लगेच मोकळं करणारी रूपं), तेवढ्यात पट्ट्याच्या मधल्या भागाचं गणित, मग वेटऑल (सगळं घेणं-देणं संपेपर्यंत थांबणं), शेवटी काठ. एससेंडची चाचणी मेकफाइलमध्येच (कोड बांधायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) टाकली आहे. कालचा जॉब रात्री पूर्ण झाला. या वेळी टॉप नाही, फाइल बघितली.