नकाशा नसलेला समुद्र: 'सबनॉटिका'ची सफर, आणि जाणाऱ्यांसाठी थोडं काही

ठिकाण: ४५४६बी नावाचा ग्रह, जवळजवळ सगळा पाण्याखाली. जायचं कसं: 'सबनॉटिका' हा व्हिडिओ गेम सुरू करून. मुक्काम: लाइफपॉड ५, म्हणजे कोसळलेल्या जहाजातून सुटून पाण्यावर डुलणारी एक डबी आणि तिच्यात वस्तू बनवून देणारा एक फॅब्रिकेटर. परतीचं तिकीट मिळत नाही. समुद्राच्या तळाशी हिंडून, माल गोळा करून ते आपलं आपणच बनवायचं असतं.

गेम काही नवा नाही. डिसेंबर २०१४ मध्ये अर्धवट अवस्थेत लोकांच्या हाती आला आणि जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण झाला. तरी अजून लोक पहिल्यांदा जातात, एक-दोन संध्याकाळी पाण्यात काढतात आणि "दिसतो झकास, पण करायचं काय तेच कळत नाही" म्हणत परत येतात. तक्रार खोटी नाही. पण इथला वैताग दोन जातींचा आहे. एक मुद्दाम पेरलेला; तो काढून टाकला तर मागे नुसतं मत्स्यालय उरेल. दुसरा म्हणजे निव्वळ हमाली. पहिला सोसायचा, दुसरा जमेल तेवढा चुकवायचा. कुठला कुठला हे आधी कळलं तर सफर सुखाची होते, म्हणून हा वृत्तांत. शेवट फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

डबीच्या खालचं दार उघडून पाण्यात उतरलात की पहिल्यांदा काही करू नका, नुसतं बघा. या भागाचं नाव सेफ शॅलोज. उथळ निळं पाणी, माणूस आत शिरेल एवढाल्या प्रवाळाच्या नळ्या, तळाच्या वाळूवर हलणारी उन्हाची जाळी, आणि अर्धं अंग डोळ्यांचंच बनलेले पीपर मासे. रात्री तर याहून भारी. शेजारच्या केल्प या समुद्री शेवाळाच्या जंगलात उंच वेलींवर पिवळ्या बियांचे घोस दिव्यांसारखे पेटलेले असतात. मान वर करून पोहत राहावंसं वाटतं, आणि तेवढ्यात पीडीए या हातातल्या छोट्या कॉम्प्युटरमधली बाई शांतपणे सांगते की तुमच्याकडे तीस सेकंदांची हवा उरली आहे.

हवेचा हिशेब इथे अगदी कंजूष. टाकी नसताना ४५ सेकंद मिळतात. साधी टाकी बनवलीत की ७५ होतात आणि एवढ्यावर श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. ही मर्यादा हा पहिल्या जातीचा वैताग. तिच्यामुळेच प्रत्येक बुडी म्हणजे एक निर्णय होतो: त्या गुहेत आणखी दोन हात आत जाऊ की वळू? १०० मीटरच्या खाली हवा आणखी भराभर संपते. त्यावर रिब्रीदर हा इलाज, तो बनवल्याशिवाय खोलात पोहायला जाऊ नका. (तारकर्लीला स्कूबा शिकलेल्यांसाठी इशारा: हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर धरतात, इथे लोक शेकडो मीटर खालून बाणासारखे वर येतात आणि त्यांना काहीही होत नाही. डोकं बाजूला ठेवून जा.)

पहिल्या दिवसाचा क्रम सांगते. चुनखडीचे गोळे फोडले की टायटेनियम आणि तांबं मिळतं. तांबं आणि अ‍ॅसिड मशरूम मिळून बॅटरी, बॅटरी आणि टायटेनियम मिळून स्कॅनर (सापडलेली वस्तू याने स्कॅन केली की ती बनवायची कृती मिळते). केल्पच्या पिवळ्या बियांपासून सिलिकॉन रबर, त्यातून फिन आणि सुरी. मग रिपेअर टूल. त्याला लागणारं केव्ह सल्फर गुहांमधल्या एका फुलासारख्या घरट्यात असतं, आणि त्या घरट्यातून क्रॅशफिश नावाचा मासा थेट अंगावर येऊन फुटतो. त्याला आधी बाहेर काढा, लांब पळा, तो फुटला की सल्फर उचला. हे टूल हातात आलं की सगळ्यात आधी रेडिओ दुरुस्त करा. पुढच्या कथेचा धागा त्या रेडिओवरूनच येतो. एक जहाज मदतीला येतंय असा निरोप मिळेल, सोबत उतरण्याची जागा आणि वेळही. हातातलं काम टाकून तिथे वेळेवर पोहोचा. का ते विचारू नका.

आता हमाली. तुमच्या खिशात ४८ चौकोन. मोठी वस्तू चार चौकोन अडवते, पाण्याची बाटली एक, आणि धातूचे तुकडे गोळा करता करता सगळं भरून जातं. मग परत या, कपाटात टाका, परत जा. त्यात भूक आणि तहान. तहान भागवायला ब्लॅडरफिश पकडायचे, फॅब्रिकेटरमध्ये घालायचे, पाणी प्यायचं, की थोड्या वेळाने पुन्हा तेच. या भागात कसलीही गंमत नाही आणि कसलीही भीती नाही. नुसत्या पाट्या टाकणं आहे. म्हणून माझा स्पष्ट सल्ला: गेम सुरू करताना 'सर्व्हायव्हल'ऐवजी 'फ्रीडम' निवडा. त्यात भूक-तहान नसते, बाकी समुद्र तोच, दात तेच. याला फसवणूक म्हणणारे भेटतील. त्यांना ब्लॅडरफिश पकडू द्या.

सर्व्हायव्हलच खेळायचा हट्ट असेल तर लवकरात लवकर नैर्ऋत्येला फ्लोटिंग आयलंड गाठा. तिथून मार्बलमेलनच्या बिया आणा आणि बेसमध्ये, म्हणजे समुद्रात आपणच बांधायच्या घरात, लावा. त्या कलिंगडासारख्या फळात अन्नही आहे आणि पाणीही. चार-सहा वेली लागल्या की पोटाचा प्रश्न जवळजवळ मिटतो. त्याच बेटावर पूर्वी कुणी राहून गेल्याच्या खुणा आहेत. तिथली मोठी गोल खोली स्कॅन करायला विसरू नका, नाहीतर बेस म्हणून बोळकांड्यांमध्येच राहावं लागेल.

आणि सामानासाठी: वॉटरप्रूफ लॉकर बनवून डबीच्या आसपास तरंगत ठेवता येतात. बेस होईपर्यंत तेच गोदाम.

नकाशाबद्दल सगळ्यात जास्त शिव्या ऐकू येतात, आणि इथे मी गेमच्या बाजूने आहे. नकाशा नाहीच. सुरुवातीला होकायंत्रही नाही, तेही बनवावं लागतं. इंटरनेटवर लोकांनी तयार केलेले नकाशे आहेत, पण निदान पहिल्या खेपेला ते उघडू नका. नकाशा नसल्यामुळेच लाल गवताचं पठार संपून जमीन अचानक खाली तुटते तिथे पोटात गोळा येतो. खाली काय आहे हे माहीत असतं तर नुसता निळा उतार दिसला असता. नकाशाऐवजी बीकन वापरा: थोडं तांबं, थोडं टायटेनियम, आणि प्रत्येक बीकनला स्वतःचं नाव देता येतं. माझ्या समुद्रात 'दादर' आहे, 'कर्जत' आहे आणि 'इकडे नको' तर बरेच आहेत. गुहेत शिरताना तोंडाशी बीकन टाकायची सवय लावा. जेलीश्रूम गुहेत तर नक्कीच. ती जांभळी, छत्र्याछत्र्यांची, बघत राहावी अशी गुहा आहे, आणि त्या छत्र्यांमध्येच क्रॅबस्नेक राहतात.

तुकडे शोधणं मात्र मी हमालीतच धरते. कुठलंही वाहन बनवायचं तर त्याचे मोडके तुकडे शोधून स्कॅन करावे लागतात. सीमॉथ या छोट्या पाणबुडीचे तीन. सायक्लॉप्स या मोठ्या पाणबुडीचे तर हल, ब्रिज आणि इंजिन असे वेगळे भाग, प्रत्येकाचे तीन-तीन. दोन तुकडे मिळतात, तिसऱ्यासाठी सगळा समुद्र पालथा घालावा लागतो, आणि शेवटी तो पहिल्या पडझडीच्या मागेच सापडतो. काखेत कळसा. यावर तोडगा असा: बेसमध्ये स्कॅनर रूम बांधा, ती आसपासच्या तुकड्यांच्या जागा दाखवते. तरीही सापडेना तर तेवढ्या एका तुकड्याची जागा खुशाल शोधून वाचा. तुकडा कुठे आहे हे कळल्याने भीती कमी होत नाही, फक्त वेळ वाचतो. सीमॉथसाठी लाल गवताच्या पठारावरची पडझड आधी धुंडाळा.

सीमॉथ मिळाली की गेम बदलतो. हवेची चिंता जाते, वेग येतो. पण ती २०० मीटरपर्यंतच टिकते, त्याखाली पाण्याच्या दाबाने चेपायला लागते. मॉड्यूल बसवत गेलात की ३००, मग ५००, शेवटी ९००. दर वेळी त्यासाठी लागणारा माल नेमका तुम्ही जिथे जाऊ शकत नाही त्याच्या थोडा वर असतो. ही मांडणी हुशारीची आहे. चिडचिड होते, पण प्रत्येक टप्प्याला एक नवा देखावा पदरात पडतो. ग्रँड रीफमध्ये मोठमोठे गोळे साखळीने बांधल्यासारखे तळाशी धरून उभे असतात आणि सगळ्यावर निळा-जांभळा उजेड. पठारावर रीफबॅक भेटतात: पाठीवर प्रवाळाची बाग घेऊन फिरणारे, व्हेलसारखे प्रचंड आणि पूर्ण निरुपद्रवी जीव. त्यांचा घुमणारा आवाज पहिल्यांदा ऐकाल तेव्हा घाबरू नका.

घाबरायचं ते रीपर या अवाढव्य शिकारी जीवाला. अरोरा, म्हणजे आपलं कोसळलेलं जहाज, पाण्यात अर्धवट बुडून पडलेलं आहे, आणि त्याच्याभोवतीच्या गढूळ पाण्यात रीपर लेव्हायथन फिरतात. पीडीएमधली नोंद सांगते की त्याची डरकाळी ऐकू येत असेल तर त्याने तुम्हाला पाहिलेलं आहे. अरोरात जावं लागतंच. रेडिएशन सूट, रिपेअर टूल, लेझर कटर आणि फायर एक्स्टिंग्विशर घ्या. जहाजाच्या पुढच्या, फाटलेल्या बाजूने, पृष्ठभागाजवळून जा. मागे इंजिनांकडे फिरकू नका. आणि निघण्यापूर्वी सेव्ह करा. कॉम्प्युटरवर गेम आपोआप सेव्ह होत नाही, हा वैताग कुठल्याच जातीत बसत नाही. तो नुसता जुनाटपणा आहे. डबीत किंवा बेसमध्ये पाऊल ठेवलं की सेव्ह, हा नियमच करून टाका.

रीपरला मारायला बंदूक शोधाल तर मिळणार नाही. दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी हे जाणूनबुजून ठरवलं. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत झालेल्या गोळीबारानंतर बंदुका नसलेला गेम करायचा, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. हातात असते ती सुरी, आणि पुढे थोड्या वेळापुरता प्राण्याला जागच्या जागी थिजवणारी स्टॅसिस रायफल. त्यामुळे समोर भलं धूड आलं की लढायचं नाही, निसटायचं. याची सवय व्हायला वेळ लागतो. झाली की समुद्र आपल्या मालकीचा नाही हे अंगात मुरतं आणि पोहण्याची पद्धतच बदलते.

खाली, लॉस्ट रिव्हर या खोल गुहांच्या भागात, सायक्लॉप्स घेऊन जाणारे खूप. दिमाखदार वाहन आहे, आत चालता येतं, कपाटं लावता येतात, कुंडीत झाडंही. पण अरुंद बोगद्यात ती वळवताना घाटात एसटी मागे घेतल्यासारखी अवस्था होते. शेवटच्या वेगावर जास्त वेळ चालवलीत तर इंजिन तापून आग लागते. बाहेरचे कॅमेरे वापरा, हळू चला. शिरण्यासाठी ब्लड केल्पच्या भागात वाटा आहेत. आत हिरवट धुक्यासारखं खारं पाणी तळाला साचलेलं, मधे एका अवाढव्य प्राण्याचा सांगाडा. सुमारे ९०० मीटरवर ट्री कोव्ह लागतं: निळसर उजेडाचं एकच प्रचंड झाड आणि त्याच्याभोवती शांतपणे फिरणारे घोस्टरे. पुढचा बेस इथेच करा. हल्ला करणारं काही नाही आणि संपूर्ण गेममधली सगळ्यात देखणी जागा हीच, असं माझं मत.

वॉर्पर या जीवाबद्दल एवढंच: तो अचानक प्रकट होतो आणि तुम्हाला वाहनातून उचलून बाहेर पाण्यात टाकतो. क्रॅबस्क्विड वाहनाची वीजच घालवतो. दोघांपुढे शौर्य नको. दिवे बंद करून सटका.

तांत्रिक बाजू. वेगाने जाताना लांबची जमीन उशिरा उभी राहते, कधी समोर कडा नसतो आणि मग एकदम असतो. गेम एसएसडी या वेगवान डिस्कवर ठेवलात तर त्रास कमी होतो. हेडफोन हवेतच, अर्धा गेम कानांनी खेळायचा आहे, कारण मागून काय येतंय हे आधी ऐकूच येतं.

खोल काळ्या पाण्याचीच धास्ती असेल तर आधी 'क्रिएटिव्ह'मध्ये एक चक्कर मारून या, तिथे हवा संपत नाही आणि जीवही जात नाही. 'हार्डकोर'च्या वाटेला पहिल्यांदा जाऊच नका. तिथे एकदा मेलात की सगळं संपलं. आणि २०२१ मध्ये आलेला 'बिलो झिरो' यानंतरच घ्या. त्यात बर्फ आहे, जमिनीवरची पायपीट जास्त आहे, आणि नकाशा तिथेही नाही.