लाईट गेली-आली की इंजिन सुसाट सुटायचं, त्याचा बंदोबस्त

आमच्या विजापूर रोडला उन्हाळ्यात लाईटचे झटके काही नवीन नाहीत, अर्धं मिनिट जाते आणि येते. वरच्या खोलीत माझा खेळण्यातल्या मॉडेल रेल्वेचा एचओ (म्हणजे 1:87 मापाचा) लेआउट आहे, डीसीसीवर, म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळातूनच वेगळा डिजिटल हुकूम देणाऱ्या पद्धतीवर चालणारा, आणि झटका बसून लाईट परत आली की एकच डिझेल इंजिन हात न लावता फुल स्पीडनं सुटायचं. पुतण्या ओरडायचा, "काका, पळायलंय बघा!" बाकीची इंजिनं मात्र गपगार उभी. थ्रॉटल शून्यावर आणा, दिशा बदला, काही ऐकायचं नाही, ट्रॅकचा पॉवर काढला की मगच थांबायचं. वळणावरून खाली पडलं असतं तर फरशीवर तुकडेच.

इंजिनातल्या डिकोडरचं, म्हणजे हुकूम वाचून मोटर चालवणाऱ्या छोट्या सर्किटचं काम समजून घेतल्यावर कोडं सुटलं. डीसीसीत रुळावर साधारण 14-15 व्होल्ट कायम असतात, पोलॅरिटी सतत उलटसुलट होत असते, 1 चा अर्धा भाग 58 मायक्रोसेकंदाचा आणि 0 चा जवळपास 100 चा, त्यातून डिकोडर आपल्या नंबरचा हुकूम वाचतो. हे हुकूम (पॅकेट) यायचे थांबले आणि नुसतं व्होल्टेज दिसलं की त्याला वाटतं आपण साध्या ॲनालॉग ट्रॅकवर आहोत. तिथे तर जेवढे व्होल्ट तेवढा वेग, मग 14 व्होल्ट म्हणजे त्याच्या लेखी फुल थ्रॉटलच की! धुळीनं रूळ खराब झाले तरी हे होऊ शकतं, आणि सोलापुरात धुळीला तोटा नाही, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रूळ पुसणं चालूच असतं.

इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग वाचायच्या-बदलायच्या रुळावर) ठेवून सीव्ही 29, म्हणजे डिकोडरमधलं 29 नंबरचं सेटिंग, वाचला तर 38 आला, बाकीच्या इंजिनांत 34. फरक बरोबर 4 चा, आणि ॲनालॉगची परवानगी म्हणजे तोच 4. बरेच जण सरसकट "29 मध्ये 2 टाक" सांगतात, पण माझ्या इंजिनाला चार आकडी ॲड्रेस आहे, त्याचे 32 त्याच सीव्हीत असतात, 2 टाकला असता तर इंजिन त्या नंबरला उत्तरच देणार नव्हतं. म्हणून आधी वाचायचं, मग फक्त 4 वजा करायचे. 34 टाकला, मुद्दाम पॉवर काढून-घालून पाहिला, इंजिन जागचं हललं नाही. माझं स्पष्ट मत आहे की घरी फक्त डीसीसी असेल तर हे बंदच ठेवावं.

अडचण एकच, जुळे सोलापुरातल्या एका काकांचा लेआउट पूर्ण ॲनालॉग आहे, आणि 34 वर हे इंजिन तिथे ढिम्म. ॲनालॉगवर प्रोग्रॅमिंग होत नाही, त्यामुळे जायच्या आधी घरीच परत 38 करून नेतो. तिथे ते थ्रॉटल बऱ्यापैकी फिरवल्यावरच उठतं, कारण पहिले काही व्होल्ट डिकोडरच खातो, आणि काकांच्या जुन्या पल्सवाल्या कंट्रोलरवर तर नुसते आचके देत होतं. साध्या गुळगुळीत डीसीवर छान चाललं.

काकांना त्यांचं जुनं, बिनडिकोडरचं इंजिन माझ्याकडे ॲड्रेस 0 वर, म्हणजे अशाच इंजिनांसाठीच्या नंबरवर, चालवून बघायचं होतं. काही सिस्टिममध्ये ते चालतं, पण उभ्या उभ्या मोटर गुणगुणते आणि तापते, कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर जळायचीच भीती. मी नको म्हटलं. आता त्यात डिकोडर बसवूनच आणायचं ठरलंय, फक्त बॉडीच्या आत जागा पुरते का ते बघायचंय.