राज्य की दाम?

पुण्यात लग्न होऊन आल्यापासून एक प्रश्न ऐकतेय. परवा शेजारच्या काकूंनी पुन्हा विचारला: "तुम्ही इंदूरच्या, मग लहानपणी खेळायचात मराठीत की हिंदीत?" त्यांनी विचारलं म्हणून सांगते. खेळायचो दोन्हींत, भांडायचो मात्र हिंदीत. समोरच्याला नीट लागायला नको का?

आमचं घर रामबागेत. वाड्यात मराठी बिऱ्हाडं, पलीकडे मालवी घरं. मे महिन्यात पुण्याहून आतेभाऊ यायचा. लपाछपीत पहिला पकडला गेला तो, आणि "माझ्यावर राज्य आलं" म्हणत रडायला लागला. पलीकडची पोरं चक्रावली. "राज मिला तो रो क्यूं रिया है?" त्यांच्याकडे राज्य नव्हतंच, दाम होता. "भिया, दाम तो देना पड़ेगा!" मला अजूनही दाम हाच शब्द जास्त खरा वाटतो.

लगोरीला आम्हीसुद्धा सितोलियाच म्हणायचो. संक्रांतीला गल्लीभर गिल्ली-डंडा चाले. तिकडे तो सणाचाच खेळ. त्यात आजोबा उतरले की तो विटी-दांडू होई आणि ते दांडूने अंतर मोजत, "वकट, लेंड, मूंड, नाल..." मालवी पोरांना वाटे, ही मराठी. आम्हालाही तसंच वाटे. पुढे कळलं, हे तेलुगूतलं ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु.

पण मुलींची खरी चंगळ भाद्रपदात. पौर्णिमेपासून सर्वपित्रीपर्यंत पलीकडच्या भिंतीवर शेणाची संजा मांडली जाई, म्हणजे मुलींनी गाणी म्हणत पुजायची चित्रं. रोज नवी आकृती: चौथीला चौपट, पंचमीला पाच कुंवारे, नवमीला डोकरा-डोकरी, शेवटी मोठा थोरला किलाकोट. वर गुलबक्षीची फुलं चिकटवायची. आजी कुरकुरायची, "पितरांच्या दिवसांत गाणी कसली म्हणता गं?" आणि आमच्याच अंगणातली गुलबक्षी ओच्यात भरून द्यायची.

अमावास्येला संजा सासरी गेली, म्हणजे पाण्यात सोडली, की दुसऱ्या दिवशी घटस्थापना. आमच्या अंगणात पाटावर हत्ती, आणि काल संजा गाणाऱ्या त्याच मुली आज भोंडल्याचा फेर धरून. शब्द अर्धे चुकीचे, ठेका मात्र पक्का.

खिरापतीला मात्र त्यांना काही शिकवावं लागलं नाही. संजेचा प्रसादही झाकूनच आणायचा आणि विचारायचं, "ताड़ो!" आम्ही "वाजणारी की न वाजणारी?" म्हणायच्या आत त्या डबा कानाशी लावत. पहिला अंदाज ठरलेला: सेव. इंदुरात दुसरं काय असणार! त्यामुळे कुठलीही आई खिरापतीला सेव करतच नसे, आणि पुढे पुढे मुलीही सेव म्हणेनाशा झाल्या.

एका वर्षी आईने डबा आणला. वाजणारी, तिखट. चकल्या झाल्या, चिवडा झाला, कडबोळी, शंकरपाळे तिखटाचे, भाजलेले दाणे, मठरी, पापडाचे तुकडेसुद्धा झाले. पलीकडची सगळ्यात हुशार मुलगी हात जोडून म्हणाली, "काकी, हार गए."

आईने झाकण काढलं. सेव होती.