कोकमच्या कार्डावरची एक ओळ

आमच्या कोकमच्या, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाच्या, विम्याच्या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर प्रश्न होता: 'सदर प्राण्यास पूर्वी कोणताही आजार, इजा अथवा जन्मजात दोष होता किंवा आहे काय?' पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. एजंट काकांचं पेन 'नाही'वर टेकलंसुद्धा होतं.

"अगं, माणसांच्या मेडिक्लेमला लोक बीपी लिहीत नाहीत, आणि तू कुत्र्याच्या पिल्लाचं काय घेऊन बसलीस?"

बाबांच्या स्कूटरपासून आमच्या घरचे सगळे विमे काकाच बघतात, त्यामुळे त्यांना तोंडावर नाही म्हणणं अवघड. चहा टाकते म्हणून मी उठले आणि फॉर्म बरोबर घेऊन गेले.

कोकम आम्हाला ऑगस्टमध्ये सापडली, काळाचौकीला आमच्याच बिल्डिंगच्या मीटर बॉक्सखाली. दोनेक महिन्यांची असेल. तांबूस रंग म्हणून आईने हे नाव ठेवलं. भिजून चिंब, पोट टम्म, हिरड्या पांढुरक्या. दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून परळला बैलघोडा हॉस्पिटलात नेली. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल हे त्याचं खरं नाव, 1883 पासून तिथे आहे, पण लालबाग-परळात ते नाव घेतलंत तर कुठे जायचंय हे दोनदा सांगावं लागतं.

डॉक्टर मॅडमनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग माझ्या कानात घातला. "ऐका." लब आणि डबच्या मध्ये एक बारीक 'श्श' येत होता, नळ नीट बंद न केल्यासारखा. "मर्मर आहे. सहापैकी दुसरी ग्रेड." पिल्लांमध्ये असा हलका मर्मर बऱ्याचदा वाढीच्या वयातला असतो, चार-सहा महिन्यांचं होईपर्यंत आपोआप जातो, असं त्या म्हणाल्या. जंतांमुळे अंगात रक्त कमी असेल तरी तसा आवाज येतो. आणि कधी कधी हृदयात खरंच काही असतं. जंताचं औषध, लोहाचं टॉनिक, आणि चार महिन्यांची झाली की परत दाखवा. हे सगळं त्यांनी कार्डाच्या पहिल्या पानावर तारीख घालून एका ओळीत लिहिलं. पुढच्या पानांवर लसींचे स्टिकर.

त्या कार्डानेच माझा निर्णय केला. तीन महिन्यांची झाल्यावर विमा घ्यायचं ठरलं तेव्हा मी पॉलिसीच्या अटी वाचल्या, दोन रात्री लागल्या. पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे कुत्र्यांच्या संसर्गजन्य आजारांचा क्लेम लस दिलेली असेल तरच, म्हणजे क्लेमसोबत लसीकरणाचं कार्ड द्यावंच लागणार. त्याच कार्डाच्या पहिल्या पानावर मर्मर लिहिलेला. "त्यांना सांगणार कोण?" या काकांच्या प्रश्नाचं उत्तर मीच झेरॉक्स काढून पाठवणार होते.

तरी धाकधूक होतीच. 'हो'वर टिक केली आणि त्यांनी पॉलिसीच नाकारली तर? माझा मावसभाऊ वकिली करतो, त्याला फोन लावला. त्याने आधी मनसोक्त हसून घेतलं. मग म्हणाला, विम्याचा करार परम सद्भावावर चालतो, माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट लपवली की क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. आणि 2021 मध्ये परदेश प्रवासाच्या एका मेडिक्लेमच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने उलटी बाजूही सांगितली आहे: प्रस्तावात आधीच कळवलेला आजार माहीत असूनही कंपनीने पॉलिसी दिली, तर नंतर त्याच आजाराचं कारण पुढे करून क्लेम नाकारता येत नाही. खटला माणसाचा होता, कुत्र्याचा नव्हे, हेही त्याने वर ऐकवलं.

मग लिहायचं ठरलं, पण कसं लिहायचं? मी आधी 'हृदयविकार' लिहिलं होतं. मॅडमनी फोनवर जवळजवळ रागावून ते खोडायला लावलं. "मर्मर म्हणजे आवाज. मी निदान केलेलंच नाही, तुम्ही कुठून केलंत?" शेवटी कार्डावरचीच ओळ जशीच्या तशी उतरवली, तारीख, ग्रेड, दिलेली औषधं, पुढच्या तपासणीचा महिना, आणि कार्डाचा फोटो जोडला. काकांनी सही घेतली, पण चहा अर्धाच पिऊन गेले.

आठवड्याने कंपनीचा ईमेल आला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्या. दिलं. मग पॉलिसी आली आणि तिला एक पुरवणी जोडलेली: हृदय आणि रक्ताभिसरणाशी संबंधित कोणताही खर्च मिळणार नाही. वाईट वाटलं. डिसेंबरात कोकम साडेपाच महिन्यांची असताना मॅडमनी परत ऐकलं, आवाज पूर्ण गेलेला. मी तो कागदही पाठवला. मधे बदल होणार नाही, नूतनीकरणाच्या वेळी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून रिपोर्ट द्या, असं उत्तर आलं. काका म्हणाले, "बघ, लिहिलंस म्हणून अडकलीस." तेव्हा मला त्यांचं पटलं होतं, खोटं कशाला सांगू.

जुलैमध्ये शिवाजी पार्कात कोणीतरी टाकलेला कणसाचा दांडा कोकमने गिळला. आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी, उलट्या थांबेनात तेव्हा. एक्स-रेत धड काही दिसेना, सोनोग्राफीत दिसलं की आतड्यात अडकलाय. रात्री साडेबाराला ऑपरेशन ठरलं. भूल देणारे डॉक्टर नवे होते, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हार्टचं कधी काही?" मी एका दमात सांगितलं: लहानपणी मर्मर होता, ग्रेड दोन, डिसेंबरात गेलेला. त्यांनी पुन्हा नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि भुलेच्या कागदावर तेच शब्द लिहिले. तो कागद फाइलला लागला आणि फाइल क्लेमला.

बाहेर बाकावर बसल्यावर लक्षात आलं. फॉर्मवर 'नाही' लिहिलं असतं, तर या माणसाला उत्तर देताना माझी जीभ क्षणभर तरी अडखळली असती का? त्या क्षणाचा विचार मला अजूनही नकोसा होतो.

बिल 41,600 झालं. कंपनीने सुरुवातीपासूनचे सगळे कागद मागवले, मर्मरबद्दल विचारून प्रस्ताव अर्जाशी ताडून पाहिलं, आणि 20 टक्के माझा वाटा व जेवणाखाण्याचे काही किरकोळ आकडे वजा करून साधारण 32,000 खात्यात जमा केले. पाच आठवडे लागले, तीनदा फोन करावे लागले.

आता नूतनीकरण आलंय. हृदयाची ती पुरवणी अजून आहेच. शनिवारी एकोची वेळ घेतली आहे. छातीच्या एका बाजूचे केस भादरावे लागतील म्हणाले, आई आत्तापासून त्यावर नाराज आहे.