टर्की, रानकोंबडी आणि गडग्याकडची जाळी

माझी भाची अमेरिकेत, विस्कॉन्सिनला असते. जानेवारीत तिने एक व्हिडिओ पाठवला. सगळीकडे बर्फच बर्फ, आणि पाइनच्या झाडावर काळे गोळे बसलेले. रानटी टर्की, कोंबडीच्याच कुळातला मोठा पक्षी! "मावशी, कालपासून खाली उतरलेच नाहीत गं. उपाशी मरतील ना?"

मी इकडे गुहागर तालुक्यात, समुद्रापासून एक डोंगर आत, पंखा लावून बसलेली. बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये बघितलाय. पण कोंबड्या आयुष्यभर पाळल्या, आणि या पक्ष्याबद्दल मिळेल ते वाचत आले. तिला म्हटलं, बसू दे. भुसभुशीत बर्फ फूटभर साचला की टर्कीला चालता येत नाही, मग ती झाडावर गप्प बसून राहते. धडधाकट पक्षी आठवडाभर, कधी दोन आठवडेही अंगातल्या चरबीवर काढतो. बर्फ घट्ट झाला की ती हरणांनी तुडवलेल्या वाटेने निघते, झऱ्याकाठची उघडी जमीन उकरते. आणि विस्कॉन्सिन पडलं दूधदुभत्याचं राज्य. तिथले शेतकरी हिवाळ्यात शेतावर शेण पसरतात, त्यातले न पचलेले मक्याचे दाणे ती टिपते. आमच्या कोंबड्या गोठ्यामागे दुसरं काय करतात!

लांबलेला कडक हिवाळा पुष्कळ टर्की मारतो, नाही असं नाही. पण खरी कसोटी पुढे, वसंतात. टर्की झाडाच्या बुंध्याशी, झुडपाआड, चक्क जमिनीवर अंडी घालते. दहा-बारा अंडी. रोज एक म्हटलं तरी दहा-बारा दिवस गेले, त्यापुढे २८ दिवस उबवायचं. नर जवळपास फिरकत नाही. रॅकून, स्कंक, ओपोसम असले तिकडचे अंडीचोर प्राणी, शिवाय कावळे, सगळे टपलेलेच, त्यामुळे निम्म्याहून अधिक घरटी वाया जातात. त्यातून पाऊस लागला तर ओल्या पिसांचा वास लांबवर जातो आणि रॅकूनला आयता माग मिळतो, असं तिथल्या काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. आमच्याकडे वळीव पडून गेला की मुंगूस हमखास फिरतं.

मुंगसाचं अंडं फोडणं कधी बघितलंयत? अंडं पुढच्या पायांत धरून मागच्या पायांमधून दगडावर फेकतं. माझी एखादी कोंबडी पेंढ्याच्या उडवीत चोरून खुडूक बसली आणि घात झाला, की मी आधी टरफलं शोधते. गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, फुटकी टरफलं पडलेली असली तर मुंगूस. काहीच नसलं तर घोरपड नाहीतर नाग, ते अख्खं गिळतात.

आपली रानकोंबडीही टर्कीसारखीच. फेब्रुवारी ते मे जमिनीवर अंडी, चार ते सात, साधारण तीन आठवडे एकटी मादी बसणार. तिला बर्फ नाही, पण नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, वणवे लागतात. कुणाची भाजावळ, म्हणजे शेतात पेटवलेला पालापाचोळा, हाताबाहेर जाते, कुणी विडी टाकतो. मुंगसाने एक घरटं लुटलं तर ती दुसरीकडे पुन्हा अंडी घालेल. अख्खा डोंगर जळाल्यावर घालणार कुठे? अमेरिकेत हेच काम गवतकापणीची यंत्रं करतात. पहिली कापणी मे-जूनमध्ये, मादी अंड्यांवर असतानाच.

त्या विस्कॉन्सिनमधून टर्की १८८१ पर्यंत पार संपली होती. जंगल तुटलं आणि शिकार भरमसाट झाली. १९७६ साली शेजारच्या भागातल्या मिसुरी राज्यातून पक्षी आणून सोडले, बदल्यात विस्कॉन्सिनने त्यांना आपल्या रानातले ग्राउज, कोंबडीसारखेच रानपक्षी, दिले. हा सौदा मला भारी आवडतो. आता भाचीच्या पार्किंगमध्येही टर्की फिरतात म्हणे.

रानकोंबडीसाठी कुणी सौदा करणार नाही. कायद्याने शिकारीला बंदी आहे, तरी फासे लागतातच. माझ्या हातात आहे ती आमची वाडी. मुलाला सांगितलंय, कलमांखाली हवं तेवढं साफ कर, पण गडग्यालगतची करवंदाची जाळी मे संपेपर्यंत ठेव. तो म्हणतो, आई, तिथे फुरसं असतं, विषारी साप तो. असतंच की! म्हणून तर आंबे काढणारे गडी तिकडे वळत नाहीत, रानकोंबडीला तेच हवंय. जाळी ठेवायची की नाही यावर दर वर्षी आमची जुंपते. वणवा अडवायला सड्याच्या बाजूचा गवताचा पट्टा कापायचा, यावर मात्र दोघांचं एकमत. तोही जानेवारीतच, अंडी पडायच्या आधी.