गेम लावायचे कसे?

शेल्फसमोर दोन मिनिटं उभा राहिलेला माणूस हमखास विचारतो, "हे सगळे व्हिडिओ गेम कशाच्या हिशेबाने लावलेत?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो: कन्सोलनुसार, म्हणजे गेम ज्या यंत्रावर चालतो त्यानुसार. पण इथवर यायला सगळी शेल्फं दोनदा रिकामी करावी लागली.

आधी एबीसीडी केली. 'द लेजंड ऑफ झेल्डा' टीमध्ये, एलमध्ये की झेडमध्ये, इथेच अडलो. अमेरिकेत १९९४ साली 'फायनल फँटसी तीन' म्हणून विकला गेलेला गेम तर जपानमधला सहावा. त्यात निन्टेन्डो ६४ या कन्सोलच्या कार्ट्रिजच्या (यंत्रात खोचायची प्लास्टिकची डबी, गेम तिच्यातच असतो) कडेवर नावच नसतं. रांगेत उभी केली की सगळी सारखीच.

मग सालवार लावले. फार देखणं दिसायचं, आल्यागेल्याला दाखवायला तर झकास. पण खेळून झाल्यावर डबी परत ठेवायची तर आधी साल आठवा, तेही जपानचं की अमेरिकेचं ते ठरवा. रात्री बाराला कोण करतो हे? डबी टीव्हीखालीच राहायची. महिन्याभरात तिथे एक बेशिस्त रांग झाली आणि खेळायचो मी तिच्यातलेच. रचना मोडते ती अशी, परत ठेवताना.

कन्सोलनुसार लावलं की डोकं चालवावं लागत नाही. डिस्क ज्या यंत्रातून काढली, त्याच्या कप्प्यात टाकायची. डब्यांची उंचीही जुळते, कारण प्लेस्टेशन थ्रीची (पीएस थ्री) डबी पीएस टूपेक्षा बुटकी. कप्प्यात एका मालिकेचे गेम शेजारी, बाकी कसेही. पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क पीएस टूवर चालते, म्हणून ती कुठे ठेवायची यावर वाद घालणारे भेटतात. मी डबीवरचं नाव बघतो आणि विषय संपवतो.

डिजिटल गेमना शेल्फ नाही, त्यांच्यासाठी स्प्रेडशीट. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलच्या ईशॉपमधली, म्हणजे ऑनलाइन दुकानातली, खरेदी मार्च २०२३मध्ये बंद झाली, तेव्हापासून 'कोणत्या यंत्रात उतरवलाय' हा रकाना मी नेमाने भरतो. दुसरा रकाना सेलचा. 'पोकेमॉन गोल्ड'सारख्या जुन्या कार्ट्रिजमधला सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, आतल्या बॅटरी सेलवर जगतो; सेल संपला की सगळी मेहनत गेली.

टीव्हीखालची रांग अजून आहे. तिला पाच गेमची मुभा दिलीय. सध्या सात आहेत.