मनाली ते लेह: समोरून बाइक आली की हात करायचा का?

बोगद्याच्या अलीकडे कुणी कुणाकडे बघतही नव्हतं. मनालीहून सोलंगपर्यंत बाइकच बाइक होत्या. भाड्याच्या, स्वतःच्या, कॅरिअरला झेंडे बांधलेल्या, आणि जो तो हॉर्न वाजवत पुढे घुसायच्या घाईत. अटल टनेलचे ९ किलोमीटर संपले, आम्ही लाहौलमध्ये बाहेर पडलो, सिस्सू मागे गेलं आणि रस्ता एकदम मोकळा झाला. तेवढ्यात समोरून आलेल्या एका धुळकट बाइकवाल्याने आम्हाला बघून मान हलवली. पुढे असलेल्या मित्राने खुश होऊन डावा हात पार डोक्याच्या वर नेला.

तांदीला चंद्रा आणि भागा एकत्र येतात. तिथल्या पंपावर पुढचं पेट्रोल ३६५ किलोमीटरवर मिळेल असं सांगणारी ती प्रसिद्ध पाटी आहे. कॅन भरून बांधता बांधता वाद पेटला.

"बाइकवाला दिसला की हात करायचाच. नाहीतर गाडी करून आलो नसतो का?" इति पहिला मित्र.

"ओळख ना पाळख! घरी असताना तू दिसेल त्या स्कूटरवाल्याला हात करतोस?" इति दुसरा.

दोघांचंही मला पटत होतं, त्यामुळे मी टायरची हवा बघत बसलो. पण पुढचे सगळे दिवस समोरून येणाऱ्या प्रत्येक बाइककडे माझं जरा जास्तच लक्ष गेलं.

आधी हाताचा हिशोब सांगतो, कारण बराचसा घोळ तिथेच आहे. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे समोरचा आपल्या उजव्या बाजूने जातो. आणि नेमका उजवा हात सोडता येत नाही. रेस त्याच हातात, पुढचा ब्रेकही त्याच हातात, आणि गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. मोकळा होऊ शकतो तो डावा हात, म्हणजे क्लचचा, आणि तो समोरच्यापासून लांबच्या बाजूला. अमेरिकेत आणि बऱ्याचशा युरोपात गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून तिथे डावा हात बरोबर समोरच्याच्या बाजूला येतो. दोन बोटं खाली सोडून गुडघ्याजवळून केलेला तो ऐटदार सलाम तिकडचा. आपल्याकडची मुलं व्हिडिओ बघून तोच करतात. समोरच्याला मधे टाकी आणि मांडी दिसते, बोटं दिसतच नाहीत! इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच डावी बाजू आहे, आणि तिथले बाइकवाले बहुतेक मानच हलवतात. फ्रान्समध्ये तर वाट करून देणाऱ्या गाडीला ओव्हरटेक करताना उजवा पाय बाहेर काढून आभार मानतात. हात अडकलाय ना, मग पाय. मला हे फार आवडलं, पण बारालाचा खिंडीच्या चिखलात पाय बाहेर काढायची वेळ वेगळ्याच कारणाने येते.

दुसरा हिशोब वेळेचा. ताशी ४० च्या वेगात बाइक सेकंदाला ११ मीटर जाते. हात उचलून परत हँडलवर ठेवायला दोन सेकंद धरा, म्हणजे २२ मीटर तुम्ही एका हाताने गेलात. सरळ डांबरी रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पण हा रस्ता सरळ डांबरी असा फार थोडा आहे. दारचाच्या पुढे खडी सुरू होते, झिंगझिंगबारच्या आसपास नाले रस्त्यावरूनच वाहतात आणि दुपारी बर्फ वितळून त्यांचं पाणी चढतं. सरचूच्या पुढचे गाटा लूप्स म्हणजे एकावर एक २१ वळणं. तिथे समोरचा दिसतो तेव्हा तो जवळजवळ अंगावरच आलेला असतो. अशा जागी हात करणाऱ्याला मी उत्तर देत नाही, उद्धट म्हटलं तरी चालेल. मान हलवायला काही लागत नाही. तीही डोळे रस्त्यावर ठेवूनच.

घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम आहे. अरुंद तुकड्यावर उतरणारे दोन बाइकवाले आमच्यासाठी कडेला थांबले, तेव्हा त्यांना मान हलवली ती खरी उपयोगाची. ट्रकवाले तर खिडकीतून हात काढून "ये, ये" म्हणतात. यांच्यावर विश्वास ठेवावा, पण पुढचं स्वतः बघून. काही जण पुढे जा म्हणून उजवा इंडिकेटर देतात आणि काही जण उजवीकडे वळायचं म्हणून.

डिपरचाही असाच घोटाळा. सपाटीवर समोरच्याने डिपर मारला की त्याचा अर्थ "मी येतोय, तू थांब". इथे बाइकवाल्याने मारला तर बहुतेक वेळा "जपून, पुढे काहीतरी आहे" असा असतो. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचे दिवे कायम चालूच असतात, त्यामुळे दिवसा नुसता दिवा बघून कुणी सावध होत नाही. डावा हात खाली थोपटल्यासारखा केला तर सगळ्यांना कळतं. नकीला खिंडीच्या अलीकडे एकाने तसं केलं, आम्ही वेग कमी केला आणि पुढच्या वळणावर डोझर आडवा उभा होता.

माझं मत बदललं ते पांगला.

नकीला चढताना एक एकटा बाइकवाला कडेला उभा दिसला होता. सामान सोडून पुन्हा बांधत होता. आम्ही वेग कमी केला, मी भुवया उडवल्या, त्याने अंगठा दाखवला. झालं, आम्ही पुढे गेलो. लाचुंगला ओलांडून पांगच्या तंबूंपाशी उतरलो, तर त्याचे साथीदार चेहरे टाकून रस्त्याकडे बघत उभे होते. मोबाइलला रेंज नाही, मागे जायचं तर पुन्हा ५,००० मीटरवरची खिंड, आणि त्यांच्यातल्या एकाचं डोकं उंचीमुळे आधीच ठणकत होतं.

"भाईसाब, एक निळी टाकीवाला दिसला का?"

"दिसला. नकीलाच्या चढावर आहे, सामान बांधतोय, ठीक आहे."

त्यांचे खांदे खाली आले ते आम्ही बघितलं. तो थोड्या वेळाने आलाच. पण त्या मधल्या वेळात त्याची खबर फक्त आमच्याकडे होती, आणि तीही केवळ आम्ही त्याच्याकडे नीट बघितलं म्हणून. तेव्हा मला दिसलं की सोलंगला कुणी कुणाला का विचारत नव्हतं आणि इथे प्रत्येक जण का विचारतो. मदत जितकी लांब, तितकी मान जास्त हलते. दोघांनी एकमेकांना बघून ठेवलं, एवढीच त्यातली देवाणघेवाण. मागाहून कुणी चौकशी केली तर सांगता यावं.

हे एकदा पटल्यावर मात्र आमच्या पहिल्या मित्राची निवड खटकायला लागली. तो मोठ्या बाइकला उत्साहाने हात करायचा, शंभर सीसीवरून पिशव्या लटकवून चाललेल्या स्थानिक माणसाला नाही. खरं तर अडचणीत आलो असतो तर तोच जास्त उपयोगाचा ठरला असता. रस्त्याची कामं करणारे मजूर तर आमच्या कुणाच्याच हिशोबात नव्हते. बीआरओच्या, म्हणजे सीमेकडचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी संघटनेच्या कामावरची ही माणसं, त्यातली बरीचशी झारखंडातल्या दुमका भागातली, डांबराच्या धुरात तोंडाला फडकं गुंडाळून उभी असतात. आणि संपूर्ण रस्त्यात सगळ्यात जास्त हात कुणी केले असतील तर यांनी. तंगलंगला खिंडीच्या चढावर मी त्यांना मान हलवायला लागलो. मित्र म्हणाला, "पण ते बाइकवाले नाहीत." मी म्हटलं, रस्ता त्यांचा आहे.

मोरे प्लेन्सबद्दल थोडक्यात. पांगच्या पुढे चढ संपला की हे चाळीसेक किलोमीटरचं सपाट पठार लागतं, आणि हात करायला याच्यासारखी जागा नाही. समोरची बाइक आधी ठिपका, मग ठिपक्याला दिवा, मग माणूस. तयारीला इतका वेळ मिळतो की शेवटी लाजल्यासारखं होतं. तंगलंगलाच्या ५,३२८ मीटरच्या पाटीपाशी फोटोसाठी रांग होती, तिथे पुन्हा कुणी कुणाचं नाही.

खिंड उतरून रुमत्से, ग्या ही गावं लागली आणि नवीनच प्रकार सुरू झाला. रस्त्याच्या कडेला मुलं हात लांब करून उभी, चालत्या बाइकवरून टाळी द्यायची म्हणून. फार गोड दिसतं, पण माझा याला ठाम विरोध आहे. ताशी ३० च्या वेगात दिलेली टाळी त्या पोराच्या खांद्याला हिसका देऊ शकते, आणि पुढच्या मुलाला त्यामुळे रस्त्याच्या आणखी जवळ उभं राहायची सवय लागते. टाळी द्यायची तर थांबून. मी थांबलो, "जुले" (लडाखी नमस्कार) झालं, टाळ्या झाल्या, मग त्यांना हेल्मेटची काच वर-खाली करायची होती, तीही झाली. दुसरा मित्र, तोच तो ओळख ना पाळखवाला, इंजिन बंद करून त्यांना एकेक करून सीटवर बसवत होता.

कारूच्या पुढे गाड्या वाढल्या आणि लेहमध्ये शिरताना तर बाइकच्या रांगेत अडकलो. पहिल्या मित्राने सवयीने शेजारच्याला मान हलवली. शेजाऱ्याला वाटलं पत्ता विचारतोय. त्याने हेल्मेट काढून मार्केटचा रस्ता सविस्तर समजावला.

रात्री तिघांनी परतीसाठी ठरवून टाकलं. आम्ही कारगिल, झोजीला करून श्रीनगरला उतरणार होतो, आणि त्या रस्त्यावर लष्कराच्या गाड्यांचे लांबलचक ताफे असतात. समोरून मोठा ग्रुप आला तर प्रत्येकाने प्रत्येकाला उत्तर द्यायचं नाही. पुढच्याने मान हलवायची, बाकीच्यांनी रस्ता बघायचा. वळणावर, खडीवर, पाण्यात कुणीच नाही. कडेला उभा असलेला कुणीही असो, वेग कमी करून अंगठा विचारायचा, आणि त्याने अंगठा दाखवेपर्यंत पुढे जायचं नाही. पहिल्या मित्राने एकच दुरुस्ती सुचवली: पुढे तो राहणार.